सगळ्यांशी गोड, घरातच तिरकस, असं का होतं?

ताई, तुमचं पत्र वाचलं. ऑफिसात सगळे तुमचं नाव काढतात, मंडळाच्या गणपतीत तुम्ही कमरेला पदर खोचून हसत पंगती वाढता, पण सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात आणि त्यांनी मायक्रोवेव्हचं बटण परत विचारलं की तुमचं डोकं फिरतं, आणि मग रात्री झोप लागत नाही, "मी मुळातच वाईट आहे का?" नाही हो. मुळात वाईट माणूस असली पत्रं लिहीत बसत नाही.

तुम्ही न्यू जर्सीत राहता म्हणून तिथलीच गोष्ट सांगते. प्रिन्स्टनला धर्मगुरू व्हायचं शिक्षण देणारी सेमिनरी आहे, तिथल्या विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅटसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, तो छापून आला 1973 साली. पोरांना सांगितलं, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये जाऊन छोटं भाषण द्यायचंय. काहींना विषय दिला बायबलमधल्या त्या भल्या माणसाचा, जो रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करतो. वाटेतल्या बोळात एक माणूस मुद्दाम बसवलेला, मान खाली, खोकतोय, कण्हतोय. आता बघा, ज्यांना "अजून वेळ आहे, पण निघा" असं सांगितलं होतं त्यांच्यातल्या 63 टक्क्यांनी काहीतरी मदत केली आणि ज्यांना "अहो उशीर झालाय, पळा" सांगितलं त्यांच्यातल्या फक्त 10 टक्क्यांनी. भाषणाचा विषय कुठला होता याने फारसा फरक पडला नाही! परोपकारावर बोलायला निघालेले काहीजण त्या माणसाला चक्क ओलांडून गेले.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. ही पोरं दगड नव्हती, न थांबलेले काहीजण पोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. पलीकडे कोणीतरी आपल्यासाठी खोळंबलंय, त्याचा शब्द मोडायचा कसा, या ओढाताणीत ते पुढे गेले असावेत, असं त्या दोघांनीच लिहिलंय. तुमचंही हेच चाललंय ना? साडेआठची स्कूल बस, लगेच मीटिंग, संध्याकाळी पोराचं स्विमिंग, रात्री इंडियाचा कॉल, यातलं काहीही तुम्ही स्वतःच्या मौजेसाठी करत नाही, सगळं दुसऱ्यासाठीच, आणि त्या धावपळीत जी व्यक्ती अगदी हाताशी आहे तीच मधे आल्यासारखी वाटते.

त्यात तुम्ही भांडतही नाही. तुम्ही म्हणता, "राहू द्या आई, मी करते." शब्द किती गोड! पण ज्या बाईने आयुष्यभर अख्खं घर एकहाती चालवलं तिच्या हातातून डबा काढून घेऊन हे म्हटलं की तिला कळतं काय ते, आणि मग ती सोफ्यावर जाऊन बसते आणि दिवसभर बसूनच राहते, कारण गाडी चालवता येत नाही, तुमच्याकडे पुष्कळ ठिकाणी धड फुटपाथ नाही आणि भारतात फोन करावा तर दुपारनंतर तिकडे सगळे झोपलेले. बटण तिला खरंच लक्षात राहत नसेल, नाही असं नाही. पण कधी कधी ते नुसतं बोलायला निमित्त असतं.

दुसरं एक कारण असतं, हिशोबाचं. "मी बाळंत झाले तेव्हा कुठे आल्या होत्या?" तुमच्या पत्रात ही ओळ आहे, कंसात, पण आहे. हे साठलेलं असेल तर बोलून टाका, नवऱ्याशी तरी. बटणावरून ते बाहेर पडायला नको.

आणि हो, नवरा! दोन पानी पत्रात तो फक्त एकदा येतो, एअरपोर्टवर आईला आणायला. त्यानंतर गायब. आई त्याची आहे ना? शनिवारची सकाळ त्याची आणि त्यांची, देवळात नेवो नाहीतर इंडियन ग्रोसरीत भाजी निवडत तासभर घालवो, तेव्हा तुम्ही घरात एकट्या आणि अजिबात अपराधी वाटून घ्यायचं नाही. उगाच "मी उद्यापासून प्रेमाने वागेन" असले संकल्पही करू नका, आठवड्यातून एक क्लास कमी करा, पोरगा काही बुडत नाही. स्वयंपाकातलं एक काम पूर्ण त्यांच्याकडे द्या, रोजची आमटी म्हणा, आणि मीठ जास्त पडलं तरी गप्प बसा. टाउनशिपच्या सीनियर सेंटरला फोन करून पाहुण्यांना येऊ देतात का तेही विचारा. हा फोनसुद्धा नवऱ्यालाच करू दे.