वाचकांचे प्रश्न : वॉशर सापडतो, मग खिळा का नाही?

प्रश्न : जुन्या वाड्यांच्या सागवानी तुळया चिरण्याआधी आतले खिळे शोधायला आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर मेटल डिटेक्टर बनवला आहे. सीडी ४०६९यूबी या इन्व्हर्टर चिपचा ऑसिलेटर (ठरावीक फ्रीक्वेन्सीची लहर काढणारं सर्किट), २० सेंटिमीटर व्यासाची कॉइल आणि '१०३'चे, म्हणजे १० नॅनोफॅरडचे, दोन डिस्क कपॅसिटर. वॉशरवर बझर वाजतो, खिळ्यावर नाही. शिवाय ऊन चढलं की मोजलेल्या फ्रीक्वेन्सीचा आकडाही चढत जातो आणि दुपारी बझर थांबतच नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तुमचा प्रोग्राम बहुधा फ्रीक्वेन्सी वाढली तरच बझर वाजवतो. चपट्या वॉशरमध्ये भोवरा प्रवाह (धातूत गोल फिरणारे विद्युत प्रवाह) तयार होतात, त्यांनी कॉइलचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) घटतं आणि फ्रीक्वेन्सी वाढते. खिळा मात्र कॉइलकडे टोक किंवा डोकं करून उभा असतो. तिथे लोखंडाची चुंबकीयता वरचढ ठरते, इंडक्टन्स वाढतं आणि आकडा उतरतो. तुळईत ठोकलेले खिळे बहुतेक असेच असतात. म्हणून फरक वर असो की खाली, चिन्ह सोडून तो किती आहे तेवढंच तपासा.

कॉइलही लहान करा. ८ सेंटिमीटर व्यासाच्या डब्यावर २६ गेजच्या इनॅमल तारेचे ५० वेढे घ्या. १३ मीटर तार पुरते. फ्रीक्वेन्सी साधारण ११५ ते १२५ किलोहर्ट्झ येईल. वेढे घट्ट बांधून वार्निश मारा. सैल वेढा जरा हलला तरी आकडा उड्या मारतो.

जोडणी एकदा ताडून बघा. कॉइलचं एक टोक ४०६९ च्या पिन १ ला, दुसरं १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पिन २ ला. कॉइलच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला एकेक १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. पिन २ वरून पिन ३ ला, आणि पिन ४ वरून उनोच्या डिजिटल ५ ला. उनोतल्या टायमर १ या मोजणीयंत्राचं बाहेरचं इनपुट तिथेच आहे. ४०६९ ची ५, ९, ११ आणि १३ ही मोकळी इनपुट ग्राउंडला बांधाच. प्रोग्राममध्ये टायमर १ च्या टीसीसीआर१ए (TCCR1A) या रजिस्टरला ०, टीसीसीआर१बी (TCCR1B) ला ७ द्या आणि २५० मिलिसेकंद मोजा. मोजणी ३०,००० च्या आसपास येते. पूर्ण सेकंद मोजलंत तर १६ बिटांचा टायमर ६५,५३५ नंतर पुन्हा शून्यावर जातो.

आता ऊन. '१०३'च्या साध्या डिस्कची किंमत तापमानाबरोबर बरीच घसरते, म्हणून फ्रीक्वेन्सी चढते. इंदूरच्या मे महिन्यात तर ते अटळच. त्याजागी पॉलिस्टायरीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर घाला. तेही थोडे सरकतात, पण सावकाश. उरलेला फरक प्रोग्रामने भरून काढावा : बझर शांत असेल तेव्हाच, दर मोजणीला, तुलनेसाठी धरलेला मूळ आकडा नव्या आकड्याकडे फरकाच्या १/३२ इतका सरकवा. बझरची मर्यादा आकड्यातल्या ५ च्या फरकापासून सुरू करा. तुळईवरून कॉइल हलती ठेवा. सुरू करताना ती खिळ्यावरच असेल, तर मूळ आकडाच चुकीचा बसतो.

प्रश्न : हात जवळ नेला तरी आकडा बदलतो, म्हणून कॉइलभोवती अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली. तेव्हापासून ऑसिलेटरच बंद!
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : फॉइलची दोन टोकं एकमेकांना टेकली आहेत. त्यामुळे कॉइलभोवती शॉर्ट झालेला एक वेढाच तयार झाला आणि सगळी ऊर्जा त्याने खाल्ली. १ सेंटिमीटर फट कापा, फॉइल एकाच जागी ग्राउंडला जोडा. अॅल्युमिनियमवर साधं सोल्डर बसत नाही, तेव्हा उघडी तार फॉइलवर दाबून टेपने आवळा.