घराची डागडुजी, वाचकांचे प्रश्न : इग्वानाची ओली खोली आणि कोरड्या मुलखातली भिंत

प्रश्न : वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या कोपऱ्यात इग्वानासाठी (घोरपडीसारखा दिसणारा परदेशी सरडा) सहा फूट लांब, तीन फूट खोल, सहा फूट उंच जागा करायची आहे. तीन बाजूंनी विटांची भिंत, पुढे काच. आत ७० टक्क्यांच्या आसपास दमटपणा ठेवावा लागेल. दुकानदार गच्चीचं डांबरी कोटिंग लावा म्हणतो. चालेल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. उष्णतेच्या दिव्याने भिंत तापली की डांबर मऊ पडतं, वास सोडतं, आणि बंद जागेत तो वास प्राण्याच्या फुप्फुसातच जाणार.

आधी भिंत का बिघडते ते पाहा. कूलरमागच्या भिंतीला दोन उन्हाळ्यांत लोणा लागतो, गिलाव्याचे पापुद्रे पडतात. तोच प्रकार इथे होईल. आत ओलावा आणि बाहेर एप्रिल-मेची कोरडी, तापलेली हवा असली की वीट आतलं पाणी शोषून बाहेरच्या अंगाला नेते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रंगाला खालून उचलतात. म्हणून ओल्या अंगाला भिंत पूर्ण बंद करायची आणि पलीकडचं अंग मोकळं ठेवायचं. पलीकडे ऑइल पेंट असेल तर खरवडून चुना लावा. दोन्ही अंगांनी बंद केलेली भिंत मधल्या मध्ये कुजते.

सुरुवात तपासणीने करा. दीड फूट चौरस प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. २४ तासांनी प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले, तर पाणी भिंतीतूनच येतंय. गच्चीची गळती, फुटका पाइप, बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा, जे असेल ते आधी दुरुस्त करा. मागून पाण्याचा दाब असताना पुढून लावलेल्या कोटिंगला फुगे येतात.

मग रंग आणि पुट्टी पूर्ण काढा. पुट्टी ठेवण्याचा मोह होतो, पण कोटिंग पुट्टीला धरतं आणि पुट्टीसकट सुटून येतं. बोटाच्या पेराने ठोकत जा. ‘बद्द’ वाजेल तिथला गिलावा पाडा. नवा गिलावा १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), जाडी १२ मिलिमीटर. तुमच्या ७२ चौरस फूट भिंतींना सिमेंटची एक बॅग पुरते. नीरू किंवा घोटाई नको, अंग खरखरीतच ठेवा. कालवायला आणि पुढे सात दिवस मारायला बोअरचं खारं पाणी वापरू नका, नाहीतर लोणा लागण्याचं सामान तुम्हीच भिंतीत भराल. भिंत आणि फरशीच्या कोनात दोन इंचांचा वाटा, म्हणजे सिमेंटची गोलसर भर, करून घ्या. कोपरा तिथेच तडकतो. फरशीला नहाणी ट्रॅपकडे ढाळ द्या.

कोटिंग दोन भागांत येणारं, म्हणजे सिमेंटची पूड आणि पॉलिमरचं द्रव असं घ्या. डब्यावर ‘पिण्याच्या पाण्याच्या टाकीत आतून चालते’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं. आमच्या मते निवडीची हीच एक कसोटी पुरेशी आहे. ‘बुरशीरोधक’ म्हणून विकलं जाणारं काही घेऊ नका. बुरशीला मारणारं औषध त्यातून हळूहळू बाहेर येत असतं. फरशी धरून ९० चौरस फुटांना दोन हातांचं मिळून १३ ते १७ किलो लागेल.

भिंत ओली करा, पण पाणी ओघळू देऊ नका. द्रवात पूड टाकून गुठळ्या जाईपर्यंत ढवळा. पहिला हात उभा मारा आणि तो ओला असतानाच वाट्यावर व कोपऱ्यांत चार इंची फायबर जाळीची पट्टी दाबून बसवा. चार-सहा तासांनी दुसरा हात आडवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम सकाळी नऊच्या आत उरकावं, कारण घमेल्यातला माल अर्ध्या तासात घट्ट होतो. घट्ट झाल्यावर पाणी घालून पातळ करणं ही सर्रास होणारी चूक आहे. तो माल फेकून द्या, म्हणून थोडाथोडाच कालवा. फांद्यांचे आधार आणि वायरचे पाइप कोटिंगच्या आधीच बसवा. नंतर मारलेला एक स्क्रू सगळ्या कामावर पाणी फिरवतो.

सात दिवसांनी ट्रॅप बंद करून फरशीवर दोन इंच पाणी ४८ तास ठेवा आणि पातळीला पेन्सिलची खूण करा. शेजारी एक पसरट घमेलं तेवढंच भरून त्यालाही खूण करा. कोरड्या हवेत पाणी तसंही उडतं. घमेल्यापेक्षा फरशीवरचं जास्त उतरलं तरच गळती समजा. या पाण्यात पीएच पट्टी बुडवून पाहा. नवं सिमेंट अल्कधर्मी असतं, आकडा ११-१२ सुद्धा येईल. पाणी बदलत राहा, भिंती पुसत राहा. आकडा साध्या पाण्याइतका, ८ च्या आसपास टिकला, की मगच प्राणी आत.

दिवा भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, सॉकेट बाहेरच असू द्या, आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवीच. इग्वानाची नखं कोटिंग ओरबाडतात, तेव्हा चढायला पेरूच्या जाड फांद्या द्या. कण्हेर चुकूनही नको, ती विषारी असते. खाली पुढच्या बाजूला आणि वर मागच्या बाजूला जाळीचे झरोके ठेवा, कारण कोंदट ओलाव्यात कातडीचे आणि श्वासाचे आजार होतात.

जाता जाता : इग्वानाची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. घोरपड पाळणं मात्र गुन्हाच आहे.

प्रश्न : आमच्या वाड्याची भिंत दगडमातीची आहे. तिलाच हे कोटिंग केलं तर? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : करू नका. मातीच्या गिलाव्याला ते धरत नाही आणि भिंतीच्या पायातून चढणारी ओल आत कोंडली जाते. काच किंवा पीव्हीसी फोम बोर्डाचा वेगळा खोका करा आणि तो भिंतीपासून दोन इंच सुटा ठेवा. भिंतीला चुनाच बरा.

प्रश्न : खोक्याला आतून इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं रेझिन) लावलं. दहा दिवस झाले, अजून चिकट आहे, वासही येतो. – एक वाचक, परभणी

उत्तर : पाण्याने भिजवलेल्या फडक्याने एक जागा पुसून पाहा. तेलकट थर निघून खाली कडक लागलं, तर तो फक्त दमट हवेत आलेला वरचा थर आहे. कोमट पाणी आणि स्पंजने धुवून टाका. नख रुतत असेल तर दोन भागांचं प्रमाण चुकलं आहे. वजनाने दिलेलं प्रमाण भांड्याच्या मापाने घेतलं की असं होतं. ते आता कितीही दिवस ठेवलं तरी वाळणार नाही. त्यावर दुसरा हात मारून झाकू नका, पूर्ण खरवडून काढा, हातमोजे घालून. नव्याने लावताना थिनर नसलेलं इपॉक्सी घ्या आणि वजनकाट्यावर मोजा.

प्रश्न : काच आणि भिंतीच्या सांध्यात कोणतं सिलिकॉन भरावं? – एक वाचक, नांदेड

उत्तर : व्हिनेगरसारखा वास येणारं काचेला उत्तम, पण सिमेंटच्या अंगावर ते सुटतं; त्यातलं आम्ल सिमेंटशी भिडतं. न्यूट्रल क्युअर (घट्ट होताना आम्ल न सोडणारं), बुरशीनाशक नसलेलं घ्या. ते हवेतल्या ओलाव्यावर पिकतं, त्यामुळे मे महिन्यात उलट जास्त वेळ लागतो. शेजारी ओलं पोतं टांगा आणि जाड सांध्याला दहा दिवस द्या.