सगळ्या डोंगराशी सोयरीक

प्रश्न : माझा धाकटा भाऊ आयर्लंडला, कॉर्क शहरात नोकरीला आहे. तिथल्याच मुलीशी त्याचं लग्न ठरलंय. लग्न तिकडेच, वेगळ्या महिन्यात आहे. हळद आणि मांडव मात्र आमच्या गावी, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी करायचं म्हणतोय. आखाजी मे महिन्यात येतेय. पत्रिकेवर प्रेमाबद्दलची एखादी आयरिश म्हण छापायची त्याची इच्छा आहे. नेटवर ढिगाने सापडतात, पण खरी कुठली ते कळत नाही. शिवाय होणाऱ्या वहिनीच्या बोटात दोन हातांनी बदाम धरलेली अंगठी आहे. ती कसली, असं आजी सारखी विचारते.
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : ताई, आधी तुमच्या घरच्या सगळ्यांचं अभिनंदन. पत्रिका छापायला टाकायची घाई मात्र करू नका.

नेटवर हिरव्या शॅमरॉकच्या, म्हणजे आयर्लंडची खूण असलेल्या तीन पानांच्या, चित्राखाली जी गोडगोड वाक्यं फिरतात, त्यातली बरीचशी कोणी कधी म्हटली याचा पत्ताच नसतो. खऱ्या म्हणी शोधायची सोय तिथे फार चांगली आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतल्या मोठ्या मुलांना कामाला लावलं. घरी जा, आजी-आजोबांना विचारा, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा. म्हणी, गोष्टी, घरगुती औषधं, लग्नाच्या चालीरीती, सगळं वहीत उतरवून आणा. सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० मुलांनी हे केलं. ते सगळं डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवलंय आणि ‘दूखस’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. मी धुळ्याकडे शाळेत शिकवत होते. मुलांच्या अक्षरातली ती पानं बघितली की जीव तुटतो. अहिराणीसाठी आपल्या शाळांनी हे आता तरी करावं, आज्या आहेत तोवर.

आता म्हणींकडे येते. माझी लेक गॉलवेला नर्स आहे, तिच्याकडे मी राहून आले. शेजारच्या आजीबाई कॉनेमाराच्या डोंगराळ भागातल्या. हाताला पीठ लागलेलं, सोडा ब्रेडच्या गोळ्यावर सुरीने फुलीची चीर देता देता त्यांनी मला सांगितलं, “डोंगरातली बायको केलीस की सगळ्या डोंगराशी लग्न लागलं.” लेकीने मला मराठीत सांगितलं आणि मला आमचा सातपुडा दिसला. बायकोबरोबर तिचे भाऊ, मावश्या, त्यांची भांडणं, त्यांची शेतं, सगळं आलं. प्रेमाबद्दलच्या आयरिश म्हणींचा हाच पाया आहे: घर, जमीन, माणसं. गुलाबाची फुलं त्यात फारशी नाहीत. म्हणून तर खानदेशातल्या माणसाला त्या चटकन पटतात.

जुन्या खेड्यांत तिकडे लग्नं मध्यस्थच जमवायचा. मुलीचा बाप मुलाच्या घरी जाऊन शेत पायी फिरायचा, गुरं मोजायचा, मग हुंड्याची बोलणी. आपल्याकडे विहिरीला पाणी किती आणि केळीचं खोड कसं आहे हे बघतात, तसंच. आपला चातुर्मास तसा त्यांचा ईस्टरआधीचा उपवासाचा काळ. त्यात लग्नं लागत नसत. म्हणून उपवास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारपर्यंत नुसती लगीनघाई. जे बिनलग्नाचे राहिले, त्यांच्या कोटावर पुढच्या रविवारी पोरं खडूने रेघोट्या मारायची. ‘प्रेमावर औषध एकच, लग्न’ ही आयरिश म्हण अशा गावांत बोलली गेली, हे ध्यानात ठेवा. ‘बाईवाचून घर रिकामं आणि थंड’ हीसुद्धा तिथलीच.

लग्नाची मागणी घालायचं एक जुनं वाक्य तिकडे सांगतात: ‘माझ्या माणसांशेजारी तुला पुरलेलं चालेल का?’ पत्रिकेवर हे छापू नका, आजी घर डोक्यावर घेईल. पण त्याचा अर्थ तिला जरूर सांगा. त्याला म्हणायचं असतं, की तू शेवटपर्यंत आमच्या भावकीतली होशील का. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीला रोट करायला भाऊबंदकी एकत्र बसते, तेव्हा त्या पंगतीत सुनेला बसवताना आपण तिला हेच सांगत असतो. प्रेमाचं याहून मोठं वचन मला माहीत नाही.

पत्रिकेसाठी मी दोन सुचवते. एक, ‘जिथे मन, तिथे पाय घेऊन जातात’. चोपड्याहून कॉर्कला गेलेल्या मुलासाठी ती चपखल आहे. दुसरी म्हण प्रेमिकांपुरती नाही, पण मला जास्त आवडते: ‘माणसं एकमेकांच्या सावलीत जगतात.’ खाली अहिराणीतही लिहा, ‘मानसं एकमेकस्ना सावलीमा जगतस’. वैशाखातल्या मांडवाखाली ती कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. मूळ आयरिश ओळ मुलीच्या घरच्या कोणाकडून तरी हाताने लिहून मागवा आणि तीच जशीच्या तशी छापा. त्यांच्या स्वरांवर तिरप्या रेघा असतात, छापखान्यात त्या गळतात.

अंगठीचं नाव क्लाडा. गॉलवे शहराला लागून कोळ्यांची वस्ती होती, तिच्यावरून हे नाव पडलं. हात म्हणजे मैत्री, बदाम म्हणजे प्रेम, वरचा मुकुट म्हणजे निष्ठा. उजव्या हातात बदामाचं टोक नखांकडे असेल तर मुलगी मोकळी, मनगटाकडे असेल तर मन गुंतलेलं. ठरलं की अंगठी डाव्या हातात येते, टोक नखांकडे. लग्न लागलं की ते मनगटाकडे फिरवतात. बऱ्याच घरांत आईची अंगठी लेकीकडे जाते, म्हणून हळदीच्या दिवशी ती काढून ठेवायला सांगू नका.

राहता राहिली तारीख. आखाजी म्हणजे आपला साडेतीन मुहूर्तांतला एक, त्याला पंचांग बघावं लागत नाही. पण आयर्लंड-इंग्लंडकडे एक जुनी यमकी समजूत आहे, मे महिन्यात लग्न केलं तर पस्तावाल अशी. आताची मुलं ती मानत नाहीत. वहिनीची आजी मानत असेल, तर भर मांडवात तिच्या मनाला ती टोचणी नको. भावाला सांगा, व्याह्यांना फोन लावून आधी त्या आजींना विचार. हळद म्हणजे लग्न नाही, तिकडचं लग्न वेगळ्या महिन्यात आहे, हे तिला नीट समजावून सांग. तिचा होकार आला की मग पत्रिका टाका.