‘आपण काय करता?’ या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं

प्रश्न : ताई, मी सांगलीचा, वय ३८. एका साखर कारखान्यात शेतकी विभागात क्लार्क आहे. हंगामात तोडणीचं वेळापत्रक, वाहनांच्या चिठ्ठ्या, गाडीतळावरचे नंबर हे सगळं माझ्याकडे असतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी वडील गेले आणि शिक्षण सुटलं. आजोबा मिरजेला नॅरोगेजवर खलाशी होते, तेव्हापासून आगगाडीचं वेड. घराच्या वरच्या खोलीत मिरज स्टेशनचं मॉडेल करतोय, तिन्ही गेज, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचे तिन्ही प्रकार, एकत्र होते त्या काळातलं. गेजच्या मापांचा हिशेब सोबत जोडलाय. या छंदामुळे पुण्या-कोल्हापूरच्या काही जणांशी ओळख झाली. एक हृदयरोगतज्ज्ञ, एक सॉफ्टवेअरमधले, एक निवृत्त बँक मॅनेजर, एकांची फाउंड्री. पहिल्याच भेटीत कुणीतरी विचारलं, ‘आपण काय करता?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मेकॅनिकल इंजिनिअर, वालचंद कॉलेजचा.’ आता त्यातल्या एकांना आपल्या पुतण्याला प्रवेशाचं विचारायला माझ्याकडे पाठवायचंय. दिवाळीनंतर सगळे मॉडेल बघायला घरी येणार आहेत. शिवाय १४ हजारांचं इंजिन घेतलं, ते बायकोला ‘मित्राने वापरायला दिलंय’ असं सांगितलंय. ती घरी शिवणकाम करते आणि नवं मशीन घ्यायचं वर्षभर पुढं ढकलतेय. कधी वाटतं सगळं बंद करावं, कधी वाटतं नोकरी सोडून मॉडेलंच करून विकावीत. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, आधी त्या पुतण्याचं बघू. बाकीचं चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही. ब्रँच कुठली घ्यावी, हॉस्टेल मिळेल का, कुठल्या फेरीत काय करावं, हे तो पोरगा तुम्हाला विचारेल आणि तुम्ही सांगाल ते खरं धरून चालेल. आजवरचं खोटं तुमच्या अब्रूपुरतं होतं. ह्यात त्याचं वर्ष गुंतलंय. म्हणून आजच त्याच्या काकांना फोन करा. मेसेज नको, ग्रुपवर तर मुळीच नको. एवढंच बोला : ‘मी इंजिनिअर नाही. डिप्लोमा अर्धवट सुटला, साखर कारखान्यात शेतकी विभागात क्लार्क आहे. तुम्हा सगळ्यांपुढं लाज वाटली म्हणून खोटं बोललो. तुमच्या पुतण्याला मार्गदर्शन करायची माझी पात्रता नाही.’ वडील गेल्याची गोष्ट त्या फोनवर सांगू नका. ती खरी आहे, पण त्या क्षणी ती सबब वाटेल. पुढं कधीतरी निवांत बसाल तेव्हा सांगा. बाकीच्यांनाही दोन-तीन दिवसांत एकेकाला स्वतः सांगा, दुसऱ्याकडून कळायच्या आत.

ते काय म्हणतील? एखादा दुखावेल, आणि त्याला तो हक्क आहे. पण तुम्ही क्लार्क आहात म्हणून कुणी तोंड फिरवेल असं मला वाटत नाही. या छंदात कोणकोण माणसं आहेत ते बघा.

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन ॲलन नावाचे गृहस्थ होते. १९७३ साली ते वारले, तरी त्यांच्या मॉडेलची चर्चा अजून चालते. पेशाने ते छायाचित्रकार. खोलीत आरसे लावून रूळ लांबवर गेल्यासारखे दाखवायचे, मागचे डोंगर आणि घरं लहान करून अंतर भासवायचे, ही सगळी छायाचित्रकाराच्या डोळ्याची करामत. ब्रिटिश गायक रॉड स्टुअर्ट यांनी दोन दशकांहून जास्त काळ खपून एक अख्खं अमेरिकी शहर रेल्वेसकट उभं केलं आणि २०१९ साली ते जगाला दाखवलं. गाण्याच्या दौऱ्यावर असतानाही ते हॉटेलच्या खोलीत बसून इमारती रंगवायचे. विजेचं काम मात्र आपल्याला जमत नाही हे त्यांनी उघड सांगितलंय. तेवढं दुसऱ्याकडून करून घेतलं. इतका मोठा माणूस ‘हे मला येत नाही’ म्हणतो, आणि त्याच्या मॉडेलची किंमत त्यानं कुठंच कमी होत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वेचा एक क्लब १९४६ पासून आहे. तिथं पूर्वी सरळ दोन टोळ्या होत्या. एक टेबलाच्या वर : डोंगर, झाडं, डबे, रंग. दुसरी टेबलाच्या खाली : तारा आणि टेलिफोन एक्स्चेंजमधले जुने रिले, म्हणजे विजेवर चालणारी बटणं. खालच्या टोळीतली काही पोरं पुढं संगणकाकडे वळली आणि अगदी सुरुवातीच्या संगणकखेळांपैकी एक त्यांच्या हातून झाला. वरच्यांना खालचं येत नव्हतं, खालच्यांना वरचं. रेल्वे दोघांमुळे चालत होती. आपल्याकडेच पाहायचं तर पुण्यात भाऊसाहेब जोशींनी व्यवसाय सांभाळून आयुष्यभर हा नाद जपला आणि १९९८ साली कोथरूडला छोट्या रेल्वेचं संग्रहालय लोकांसाठी खुलं केलं. तुम्ही ते पाहिलं असेलच. साताऱ्यात माझ्या ओळखीचे एक दंतवैद्य आहेत. दात कोरायच्या यंत्राची जुनी टोकं (‘बर’) ते फेकत नाहीत, त्यांनी डब्यांच्या खिडक्या कोरतात.

म्हणून मला वाटतं, त्या दिवशी विचारलेल्या ‘आपण काय करता?’ मध्ये तुम्हाला जोखण्याचा भाग थोडाच असेल. अशा मंडळींना जाणून घ्यायचं असतं की याचा हात कशावर बसलाय : लाकडावर, तारेवर, रंगावर, की आणखी कशावर. खोटं बोलून तुम्ही नेमकं तेच त्यांच्यापासून लपवलंत.

आता तुमच्या कामाचं. यावर मला सविस्तर बोलायचंय, कारण अख्ख्या पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय.

तुमचा हिशेबाचा कागद मी दोनदा वाचला. १:८७ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या मॉडेलात, ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर म्हणजे सव्वाएकोणीस, पण बाजारात मिळणारा रूळ साडेसोळाचा, कारण तो परदेशी १४३५ च्या गेजसाठी केलेला. मीटरगेज साडेअकरा, मिळतो बारा. नॅरोगेजचे ७६२ म्हणजे पावणेनऊ, मिळतो नऊ. फरक कुठं चालवून घ्यायचा आणि कुठं नाही, हे तुम्ही समासात लिहिलंय. इतका चोख कागद करणाऱ्या माणसाला खोटी पदवी लावायची गरज नव्हती.

आणि मिरज! पुण्याकडून ब्रॉडगेज, बेळगावकडून मीटरगेज, पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वेची जुनी नॅरोगेज. एका गेजचा डबा दुसऱ्या गेजवर जात नाही. म्हणजे पोतं उतरवायचं आणि पलीकडच्या डब्यात चढवायचं. कुठली गाडी आधी घ्यायची, रिकामे डबे कुठं लावायचे, पंढरपूरची गाडी उशिरा आली तर पुढची किती थांबवायची. तुमच्या छंदातली मुरलेली माणसं याला ‘ऑपरेशन’ म्हणतात. प्रत्येक डब्याला एक कार्ड, कार्डावर माल कुठून कुठं जायचा त्याची चिठ्ठी, यार्ड सांभाळायला एक जण, गाड्या सोडायला दुसरा, आणि भिंतीवर मुद्दाम वेगानं पळणारं घड्याळ, म्हणजे दिवसभराचं वेळापत्रक एका संध्याकाळी पार पडतं. दादा, हे तुम्ही हंगामात रोज करता. कुठल्या टोळीला कुठल्या फडात पाठवायचं, कुणाची चिठ्ठी आधी फाडायची, ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या गाडीतळावर कशा लावायच्या म्हणजे गव्हाण, जिथं गाळपाला ऊस टाकतात ती, रिकामी राहणार नाही आणि ऊसही वाळणार नाही. ते हृदयरोगतज्ज्ञ नाहीतर सॉफ्टवेअरवाले हे पुस्तकातून शिकतील. तुम्हाला ते झोपेतून उठवून विचारलं तरी येईल.

तेव्हा मंडळींना दिवाळीनंतर जरूर बोलवा, पण नुसतं रूळ आणि डबे दाखवून पाठवू नका. चिठ्ठ्या तयार ठेवा, एकेकाला एकेक काम द्या, घड्याळ सुरू करा. जमलं तर साहेबांची परवानगी काढून आदल्या दिवशी त्यांना कारखान्याच्या गाडीतळावर घेऊन जा.

पण त्याच्याही आधी वहिनींशी बोला. आज फोन झाला की आजच रात्री. इंजिनाची पावती समोर ठेवा, खरी किंमत सांगा आणि खोटं बोललात हेही सांगा. त्या चिडतील. चिडू द्यात, मध्ये बोलू नका. वर्षभर ज्या मशीनसाठी त्यांनी मन मारलं, त्याचे बरेचसे पैसे त्या इंजिनात गेलेत. इंजिन ठेवायचं की विकायचं हे त्यांना ठरवू द्या आणि मशीन घरात येईपर्यंत छंदावर नवा रुपया घालू नका. पुठ्ठा, काडेपेट्या, जुन्या तारा यांवर वर्षभर काम पुरेल. पुढं छंदाचा खर्च एका वहीत लिहा आणि ती वही दोघांना सापडेल अशा जागी ठेवा. एक विनंती : ‘तूही माझ्याबरोबर मॉडेल करायला बस’ असं त्यांना म्हणू नका. अशा वेळी ते जखमेवर मीठ वाटेल. आणि पाहुण्यांच्या जेवणाचा भार त्यांच्यावर टाकू नका, त्या दिवशी बाहेरून मागवा.

छंद बंद करायचा विचार मला पटत नाही. खोटं बंद झालं की पुरे. नोकरी सोडायचंही आत्ता नको. मॉडेल विकायला लागलात की लोकांची स्टेशनं लोकांच्या तारखेला करावी लागतात आणि तुमचं मिरज मागं पडतं. घर पगारावर चाललंय, त्यात मशीनचं ठरलंय. तरी करून बघायचंच असेल तर पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ओळखीतल्या कुणाची एकच ऑर्डर घ्या, एखादी स्टेशनची इमारत किंवा मालधक्का. किती तास गेले, साहित्याला काय लागलं आणि हातात काय राहिलं ते लिहून ठेवा. तो कागद मला पाठवा, मग नोकरीचं बोलू.