जुळणाऱ्या आवृत्त्यांची नोंद कुठे ठेवावी?

प्रश्न : आमच्या प्रणालीचा कोड सामाईक लायब्ररी, सर्व्हर, वेबसाइट आणि मोबाइल ॲप अशा चार रिपॉझिटरींमध्ये (कोड आणि त्यातील बदलांचा इतिहास साठवण्याच्या जागांमध्ये) आहे. कोणाची कोणती आवृत्ती कोणाशी जुळते, हे प्रत्येक रिलीजच्या वेळी सहकाऱ्यांना विचारून ठरवावे लागते. चौघींना एकच आवृत्ती क्रमांक द्यावा का?

उत्तर : माझ्या मते देऊ नये. एकच क्रमांक ठेवल्यास ज्या रिपॉझिटरीत काहीही बदललेले नाही तिचाही विनाकारण रिलीज करावा लागतो. शिवाय वापरकर्त्यांच्या फोनवर जुने ॲप बराच काळ राहतेच, त्यामुळे सर्व्हरला जुन्या क्रमांकांशीही बोलावे लागते. 2.4.1 यांसारख्या सिमँटिक व्हर्जनिंगच्या क्रमांकात सुसंगतता मोडणारा बदल झाला की पहिला आकडा वाढवतात. ही पद्धत अवश्य पाळा, पण तो आकडा म्हणजे कोड लिहिणाऱ्याने दिलेला शब्द आहे, चाचणीचा पुरावा नव्हे. आणि पहिला आकडा 0 असेल तर तो शब्दही दिलेला नसतो.

खरी गरज आहे ती एकत्र तपासलेल्या संचाची नोंद ठेवण्याची. त्यासाठी पाचवी, छोटी रिपॉझिटरी करा आणि तिच्यातील मॅनिफेस्ट फाइलमध्ये चारही रिपॉझिटरींचे नेमके कमिट (कोडची त्या क्षणी नोंदवलेली स्थिती) लिहा. अँड्रॉइडचा कोड ‘गिट’ या आवृत्ती-नियंत्रण साधनाच्या असंख्य रिपॉझिटरींमध्ये विखुरलेला असूनही ‘रेपो’ हे साधन मॅनिफेस्टवरूनच तो एकत्र आणते. एक रिपॉझिटरी दुसरीत जोडण्याची गिटमधील ‘सबमॉड्यूल’ ही सोय तर नेमके कमिटच नोंदवते. मॅनिफेस्टमध्ये ‘मेन’ शाखेचे (कोडच्या मुख्य प्रवाहाचे) नाव लिहून भागत नाही, कारण तीच शाखा उद्या वेगळ्या कोडकडे बोट दाखवील. टॅग, म्हणजे एखाद्या कमिटला दिलेले नाव, तोदेखील हलवता येतो. कमिटचा हॅश (त्याची ओळख सांगणारा संकेतांक) मात्र आशयावरूनच ठरत असल्याने आशय बदलला की तोही बदलतो. कोणत्याही रिपॉझिटरीत बदल झाला की संपूर्ण संचाच्या चाचण्या आपोआप चालाव्यात, त्यांत आपण अजून चालू ठेवलेले सर्वांत जुने ॲपही असावे, आणि त्या उत्तीर्ण झाल्यावरच मॅनिफेस्ट पुढे सरकावा.

चार रिपॉझिटरींत एकाच क्षणी मर्ज करणे (बदल मुख्य कोडमध्ये मिसळणे) शक्य नसते. म्हणून लायब्ररीतील फंक्शन बदलायचे असेल तेव्हा आधी जुन्याशेजारी नवे फंक्शन आणा, जुने वापरणाऱ्या रिपॉझिटरी एकेक करून नव्यावर आणा, आणि जुने फंक्शन पहिला आकडा वाढेल त्या आवृत्तीतच काढा. एवढे करूनही लायब्ररी आणि सर्व्हर यांत जवळजवळ प्रत्येक वेळी जोडीनेच बदल करावा लागत असेल, तर त्या दोन्ही एकाच रिपॉझिटरीत आणाव्यात.