८ लाख बाट अडकवायचे की पेन्शनवर भागवायचं?

प्रश्न: माझं वय ६१, पत्नीचं ५७. थायलंडमध्ये, चिआंग माईला राहायला जायचं ठरवतोय. पेन्शन आजच्या दराने महिना ६८,००० बाट (थायलंडचं चलन) होते आणि दोघांचा खर्च ५२,००० धरलाय. २६ लाख बाटची बचत आहे, सगळी २०२४ च्या आधीची. निवृत्त म्हणून तिथे राहण्याच्या परवान्याची मुदत वर्षभराने वाढवून घेण्यासाठी ८ लाख तिथल्या बँकेत पाडून ठेवण्याऐवजी दरमहा ६५,००० उत्पन्नाची अट पेन्शनवर पूर्ण केली तर?

उत्तर: कागदावर जमतं, पण तुमच्या आकड्यांवर मी ठेवीचाच मार्ग घ्यायला सांगेन.

६८ आणि ६५ हजारांमध्ये फक्त ३,००० चं अंतर आहे. तुमचं चलन बाटसमोर साडेचार टक्के घसरलं की ६८,००० चे ६४,९४० होतात. इतकी घसरण व्हायला एखादी तिमाहीही पुरते, आणि मधल्या बँकेने कापलेलं शुल्क वेगळंच. इमिग्रेशन कार्यालय वर्षाची सरासरी बघत नाही. मागच्या बारा महिन्यांपैकी प्रत्येक महिन्यात ६५,००० परदेशातून आलेले दिसावे लागतात. एक महिना ६४,९०० आले तर साखळी तुटली. शिवाय पहिल्या वर्षी ही बारा महिन्यांची नोंदच तुमच्याकडे नसेल. ज्यांचा दूतावास उत्पन्नाचं पत्र देतो त्यांचं भागतं. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या दूतावासांनी २०१९ च्या सुमारास ती पत्रं देणं थांबवलं.

दुसरा मुद्दा कराचा, आणि तो बहुतेकांच्या हिशेबात येतच नाही. वर्षात १८० दिवस थायलंडमध्ये राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी, म्हणजे कराच्या हिशेबात तिथले रहिवासी. १ जानेवारी २०२४ पासून अशा माणसाने देशात आणलेलं परदेशी उत्पन्न करपात्र आहे. ६५,००० ची अट पाळायची तर खर्च ५२,००० असला तरी ६५,००० आणावेच लागतील, म्हणजे वर्षाला ७,८०,०००. त्यातून पेन्शनची १ लाखाची वजावट, तुमची वैयक्तिक वजावट ६०,००० आणि पत्नीला उत्पन्न नसेल तर तिच्यासाठीची ६०,००० गेली की ५,६०,००० उरतात आणि कर ३६,५०० होतो. फक्त ५२,००० आणलेत तर कर १७,९००. फरक १८,६०० बाटचा. (तुमच्या देशाच्या थायलंडशी असलेल्या कर करारात पेन्शनला सूट असेल तर हा मुद्दा गळून पडतो. करार आधी वाचून घ्या. सरकारी आणि खासगी पेन्शनची कलमं सहसा वेगळी असतात.) ठेवीचे ८ लाख २०२४ पूर्वीच्या बचतीतून आणलेत तर त्यावर हा कर नाही. त्यासाठी ३१ डिसेंबर २०२३ ची शिल्लक दाखवणारं बँकेचं विवरण आत्ताच काढून ठेवा.

ठेवीची किंमतही मोजू. ८ लाखांवर तुमचं वर्षाला ३ टक्के व्याज बुडतं असं धरलं तर २४,००० बाट. ही झळ खरी आहे. पण तेच ८ लाख म्हणजे तुमचा पंधरा महिन्यांचा खर्च, तोही ज्या चलनात खर्च होणार त्याच चलनात. शिवाय थायलंडमध्ये एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या १० लाखांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण आहे, त्यात ही रक्कम बसते.

नियम असा: अर्जाआधी २ महिने आणि मंजुरीनंतर ३ महिने ८ लाख खात्यात हवेत, उरलेल्या काळात ४ लाखांच्या खाली जायचं नाही. मग मधले सात महिने ४ लाख काढून परत मायदेशी गुंतवावेत का? ३ टक्क्यांनी ७,००० मिळतील. पाठवणं आणि परत आणणं यात दर खेपेला एक टक्का गेला तरी ८,००० जातात. राहू द्या तिथेच.

आता चुका कुठे होतात ते. खातं फक्त तुमच्या नावावर हवं. जोडखात्यातली रक्कम पूर्ण धरली जाईल असं समजू नका. बरोबर ८,००,००० ठेवू नका. डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क तीनशे बाट परस्पर कापलं गेलं की पासबुकात ७,९९,७०० दिसतात आणि दोन महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ८,२०,००० ठेवा, त्या खात्याचं कार्डच घेऊ नका आणि रोजच्या खर्चाला दुसरं खातं वापरा. पैसे स्वस्त ऑनलाइन सेवेने पाठवलेत तर पासबुकात ते कधी कधी देशांतर्गत ट्रान्सफर म्हणून उमटतात. पहिली मोठी रक्कम बँकेतूनच पाठवा आणि परदेशातून पैसे आल्याचं पत्र थाई बँकेकडून मागून घ्या.

नव्वद दिवसांच्या नॉन-इमिग्रंट ओ व्हिसावर (ज्यावर उतरून मग तिथेच मुदतवाढ मागता येते) उतरलात तर दिवस मोजून चाला. पंधराव्या दिवसापर्यंत पैसे खात्यात आले तर पंच्याहत्तराव्या दिवशी दोन महिने भरतात आणि हाताशी पंधरा दिवस राहतात. खातं उघडायलाच पंचवीस दिवस गेले तर उरतात पाच. अर्जाच्या दिवशी सकाळी त्या खात्यात १०० बाट भरून पासबुकात त्याच तारखेची नोंद करून घ्या, बँकेचं पत्रही त्याच दिवसाचं घ्या. मुदतवाढीचं शुल्क १,९०० बाट. मधे देशाबाहेर जायचं असेल तर आधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, काढा (एकदाचं १,०००, अनेक वेळांचं ३,८००), नाहीतर विमानतळावरून बाहेर पडताच मुदतवाढ रद्द.

काही एजंट शुल्क घेऊन एका दिवसापुरते ८ लाख तुमच्या खात्यात दाखवून देतो म्हणतात. तीन महिन्यांनी खातं तपासलं तर अडकता तुम्ही.

पत्नीला तुमच्यावर अवलंबून म्हणून याच एका ठेवीवर राहता येईल. विवाहाचा दाखला प्रमाणित करून थाई भाषांतरासह न्या. पण तुमचं काही बरंवाईट झालं तर तिचा तिथे राहण्याचा आधार तुमच्यासोबत जातो आणि तुमच्या नावावरचे ८ लाख थाई न्यायालयाने तुमच्या मालमत्तेचा व्यवस्थापक नेमेपर्यंत तिच्या हाती येत नाहीत. म्हणून तिच्या नावाने वेगळं खातं उघडून त्यात किमान सहा महिन्यांचे ३,१२,००० ठेवा आणि थायलंडमधल्या मालमत्तेपुरतं स्वतंत्र मृत्युपत्र तिथेच करा. तिचं वय पन्नाशीच्या पुढे आहे, त्यामुळे गरज पडली तर ती स्वतःच्या ८ लाखांवर मुदतवाढ मागू शकते. २६ लाखांतून तुमचे ८,२०,००० आणि तिचे ३,१२,००० गेले की १४,६८,००० उरतात. त्यातले ५ लाख दवाखान्यासाठी बाजूला ठेवा. या मार्गावर आरोग्यविम्याची सक्ती नाही (निवृत्तांच्या दुसऱ्या, ओ-ए व्हिसावर ३० लाखांचं कवच लागतं), तरी ६१ व्या वर्षी विमा मिळत असेल तर आत्ताच घ्या. वय वाढेल तसा हप्ता चढत जातो आणि जुने आजार वगळले जातात.