आधी एक पावसाळा कॅज्युअल्टीत

बाय, अनेक आशीर्वाद.

नर्सिंगच्या जीएनएम डिप्लोमाचा निकाल कळला, बरं वाटलं. आता मुंबईत आयसीयूला जाऊ, ओटीला (ऑपरेशन थिएटरला) की डायलिसिसला, असं विचारलंस. पगार जास्त तिकडे जा, असं सगळे सांगतील आणि घरची परिस्थिती बघता ते चुकीचंही नाही. पण माझं ऐकशील तर आधी एक पावसाळा इथल्या ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात काढ.

लावणीत लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) ताप, पुढे गवत कापताना फुरसं हा विषारी साप. माझ्या पहिल्याच वर्षी बोटाला फुरसं चावलेली एक काकी आली. रक्त गोठतं का ते बघायला डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत 2 मिली रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवायला सांगितलं. ‘सिस्टर, इंजेक्शन कधी देणार?’ म्हणून घरच्यांचा तगादा. मी दहाव्या मिनिटाला नळी तिरकी करून पाहिली. हलवली की चाचणी फुकट. पुन्हा रक्त, पुन्हा 20 मिनिटं. दुसऱ्या नळीतलं रक्त न गोठता पाण्यासारखं ओघळलं, मग सर्पविषावरची लस सुरू झाली. काकी वाचली, पण माझ्यामुळे गेलेली ती दहा मिनिटं मी विसरले नाही.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर लस एकच. पण तिचीच रिअ‍ॅक्शन येते. अ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवून अंगावर गांधी उठतात का, धाप लागते का, हे बघत उभं राहायचं. विंचवाचंही तसंच. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनच्या गोळीचा गुण दाखवला तो आपल्याच महाडकडे. पण गोळीनंतर बीपी बघणं, पेशंटला एकदम उठू न देणं, हे आपल्याच हातात.

डायलिसिसला तेच चेहरे आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास. माणसांचा लळा असेल तर तिथे रमशील. आयसीयूत तासातासाला चार्ट. ओटीत मात्र मॉपची (रक्त टिपायच्या कापडांची) मोजणी जुळली नाही तर पोट शिवायच्या आधी सर्जनला मोठ्याने सांगावं लागतं. तू पटकन बोलत नाहीस. ते जमायला लागलं की मगच ओटी धर.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लगेच कर. दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी पुढे करता येईल. आणि नोकरीवर कुणी मूळ सर्टिफिकेटं ठेवून मागितली तर झेरॉक्स दे. माझी एका ठिकाणी दीड वर्ष अडकली होती.

तुझी,
आत्या